पप्पांच्या नावावरची मिशी

आमच्या घरात बायबलवरचं भाष्य पप्पा कानांनी ऐकायचे, आणि आई नि मी डोळ्यांनी.

लॉकडाऊनचे दिवस. चर्च बंद, मिस्सा मोबाइलवर. रोज संध्याकाळी सात वाजता चर्चच्या चॅनेलवर ॲल्विन सर शुभवर्तमानावर अर्धा तास बोलायचे. माणिकपूरच्या शाळेत शिकवणारे, तिशीतले, एकटे राहणारे. गिरीजच्या आमच्या वाडीत केळींना पाणी देऊन पप्पा यायचे, हातपाय धुवायचे, फोन तांदळाच्या डब्याला टेकवायचे आणि वही उघडून बसायचे.

"काय सुंदर सांगितलं आज उधळ्या पुत्राचं," पप्पा म्हणायचे.

"केस विंचरले नव्हते," आई म्हणायची.

"पुत्राचे?"

"सरांचे."

सलून बंद, त्यामुळे सरांचे केस आठवड्यागणिक कानांवर उतरत होते. कॉलर चुरगळलेली. पण माझा जीव अडकला होता मिशीत. तिची एक बाजू दुसरीपेक्षा चक्क लांब! सर क्षमेवर बोलायचे आणि मला त्या मिशीला क्षमा करवत नव्हती. (मी स्वतः तीन दिवस एकाच गाऊनमध्ये होते, पण मला कोण बघत होतं?)

एके दिवशी पप्पा चहाला उठले आणि मी त्यांच्याच फोनवरून खाली लिहून टाकलं, "सर, डावी मिशी लांब आहे. घरी बघणारं कोणी नाही वाटतं." नाव अर्थातच पप्पांचं गेलं.

दुसऱ्या दिवशी डावी होती तेवढीच, उजवी मात्र आखूड झालेली. मी लिहिलं, "डावी, सर, डावी." तिसऱ्या दिवशी उजवी आणखी गेली. माझं डोकंच फिरलं. "इतके शिकलेले तुम्ही, डावं-उजवं कळत नाही?"

चौथ्या दिवशी सर आले ते सफाचट. चेहरा सोललेल्या बटाट्यासारखा.

"अगं, हा कोण?" आईने विचारलं.

पप्पांनी वहीतून मान वर केली. "बिचारा आजारी आहे की काय," म्हणाले आणि पुन्हा लिहू लागले.

निर्बंध सैल झाले आणि एका रविवारी दारात स्कूटर थांबली. ॲल्विन सर! ओठांवर कोवळी मिशी, हातात केकचा डबा.

"पास्कू अंकल इथेच राहतात ना?"

पप्पांना आभाळ ठेंगणं झालं. ज्याचं बोलणं वहीत उतरवलं तो माणूस आपल्या ओटीवर. त्यांनी स्वतःच्या टॉवेलने खुर्ची पुसली.

"अंकल, आभार मानायला आलो," सर म्हणाले. "आई गेल्यापासून मला असं हक्काने कोणी बोललं नव्हतं. फक्त एक विचारायचं होतं. तुम्ही डावी म्हणायचात ती तुमच्या बाजूने की माझ्या?"

समोरच्याची उजवी बाजू आपल्याला डावीकडे दिसते, हे मला तेव्हा कळलं. बी.एड. झालेली मी.

"कसली डावी?" पप्पा गोंधळले. सरांनी फोन पुढे केला. पप्पांनी चष्मा लावून तिन्ही ओळी सावकाश वाचल्या आणि माझ्याकडे पाहिलं. गावात जन्मभर कुणाला वाकडा शब्द न बोललेला माणूस, आणि त्याच्या नावावर मी हे उद्योग केले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चूक माझीच, सर," पप्पा म्हणाले. "म्हातारपणी डावं-उजवं कळत नाही."

आता मात्र मला राहवेना. "पप्पांनी नाही, मी लिहिलं," मी म्हणाले.

सर बघतच राहिले. "घरी बघणारं कोणी नाही, हेही तुम्हीच?"

"हो."

"ते मात्र बरोबर होतं."

आई केक कापायला सुरी घेऊन बाहेर आली आणि सरांना तिने एकच प्रश्न विचारला, "जेवायला थांबता ना? मासळी आहे."

पुढचं सांगायला नको. पप्पा आता नाहीत. त्यांची वही माझ्याकडे आहे. त्या दिवसांत ॲल्विन नेमकं काय बोलायचा, ते मला तीच वाचून कळलं. मिशीचा तिच्यात एक शब्द नाही. वाचताना लाजही वाटते आणि पप्पांची फार आठवण येते.

भाष्य अजून चालू आहे, आता फक्त रविवारी. शर्टाला इस्त्री मी करते. मिशीही मीच कातरते, दोन्ही बाजू पट्टीने मोजून. गेल्या रविवारी खाली कुणीतरी लिहिलं होतं, "सर, उजवी मिशी लांब आहे. घरी बघणारं कोणी नाही वाटतं."