टिपणीस काकांची हरकत

मुलुंड पूर्वेला, नवघर रोडच्या एका आतल्या गल्लीत मधुवंती नावाची सोसायटी आहे. तिथल्या श्यामसुंदर टिपणिसांना सगळी गल्ली हिशेबकाका म्हणते. बँकेतून त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि ते सरकारी पैशाच्या मागे हात धुऊन लागले. गल्लीतला फुटपाथ उखडायला सुरुवात झाली की काका खाली हजर. "हे पेव्हर ब्लॉक गेल्याच वर्षी बसवले होते ना? मग आता कशाला काढताय?" मजूर बिचारे काय सांगणार! मुकादम चहाच्या निमित्ताने सटकायचा आणि काका घरी येऊन माहितीच्या अधिकाराचा अर्ज खरडायचे. बायको, क्षमा, म्हणायची, "लोकांचे नवरे रिटायर झाले की तांदळातले खडे निवडतात. माझा सरकारचे निवडतो."

तर अशा या माणसाच्या हयातीत तो कायदा आला. सरकारी तिजोरीतून गेलेला प्रत्येक पैसा वेबसाइटवर दिसलाच पाहिजे, कोणाला दिला, कशासाठी दिला, बिल कुठलं, सगळं. ज्या दिवशी तो मंजूर झाला त्या दिवशी काकांनी मधुवंतीत घरोघरी पेढे वाटले. घरात मुलगा पास झाल्यावरसुद्धा इतके वाटले नव्हते.

त्या आनंदाला एक खासगी कारणही होतं. कायद्याचा मसुदा आला तेव्हा सरकारने लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. अशी जाहिरात आपल्याही पेपरात येते आणि आपण त्या पानावर शेंगा सोलतो. काकांनी ती वाचली. मसुद्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या औषधपाण्याच्या बिलांना वेबसाइटवर येण्यापासून सूट होती, ती त्यांच्या डोळ्यांत खुपली. एका कार्यालयात कुणीतरी मेलेल्या सासऱ्याच्या नावावर मोतीबिंदूचं ऑपरेशन दाखवून पैसे उचललेले त्यांनी स्वतः पकडले होते. त्यांनी हरकत ठोकली: सूट म्हणजे चोरवाट, तेव्हा रुग्णाचं नाव, त्याचं नातं आणि आजार ही तिन्ही माहिती उघड असावी. आणि काय आश्चर्य, हरकत चक्क मान्य झाली. श्यामसुंदर टिपणिसांचं नाव वेबसाइटवर झळकलं, शेजारी शेरा, ‘स्वीकारली’. त्या पानाचा फोटो काकांनी ओळखीच्या सगळ्यांना पाठवला होता.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पण ते कळायला गणपती उजाडावे लागले.

गणपतीच्या सुमारास त्यांचा एकुलता एक मुलगा ओजस कॉलेजला जायचा बंद झाला. इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष, हुशार पोरगा, आणि तो दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. जेवण सुटलं, आंघोळ सुटली. "आळस आहे, दुसरं काय," असं म्हणण्यात काकांनी बरेच दिवस घालवले. शेवटी क्षमाच त्याला ठाण्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, तीव्र नैराश्य आहे, भरती करा. दिवाळीपर्यंत पोरगा हॉस्पिटलात होता.

सोसायटीत कोणी विचारलं तर काका सांगत, "बेंगळुरूला गेलाय. इंटर्नशिप. मोठी कंपनी आहे." पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली, मग सवय झाली. पुढे कंपनीला कँटीनही आलं आणि ओजसला तिथलं जेवणही आवडायला लागलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ते क्षमाला समजावत.

दिवाळीनंतर ओजस घरी आला. औषधांनी गुण येत होता. पण बेंगळुरूला असलेला मुलगा मुलुंडच्या गॅलरीत दिसणार कसा? काकांनी गॅलरीला जाड पडदा लावला. दारावरची बेल वाजली की ओजस आतल्या खोलीत. डॉक्टरांकडे जायचं तर तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी आणि मागच्या गेटने रिक्षा. सुरुवातीला त्याचं त्यालाच कोणाला भेटायचं नव्हतं, त्यामुळे ते चालून गेलं. पण आता पोरगा पुन्हा खायला लागला होता, मोबाइलवर मॅच बघून हसायला लागला होता.

"बाबा, जरा उन्हात उभा राहू?"

"नको रे. समोरच्या उत्तराकाकू कपडे वाळत घालतात. बघतील."

ओजस पडद्याकडे बघत बसला. काकांना वाईट वाटलं नाही असं नाही. पण त्यांना वाटणारी भीती त्या वाईटापेक्षा मोठी होती.

जानेवारीत एका संध्याकाळी क्षमा ऑफिसातून आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "ओजसचं बिल पास झालं." ती एका सरकारी कार्यालयात लेखा शाखेत होती. हॉस्पिटलपायी मोडलेली ठेव आता भरून निघणार होती. काकांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि तो अर्धा बाहेर येतो न येतो तोच त्यांना ती वेबसाइट आठवली.

"म्हणजे ते... साइटवर येणार?"

"येणार ना. या रविवारच्या आत."

"सगळं?"

"कर्मचारी क्षमा टिपणीस, रुग्ण ओजस, नातं मुलगा, आजार नैराश्य. तूच मागितलं होतंस ना सगळं?"

"अगं, थांबव ना. तू लेखा शाखेतच आहेस. एक ओळ इकडची तिकडे..."

क्षमाने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं वाक्य तिने त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "श्याम, मेलेल्या सासऱ्याचा डोळासुद्धा अशीच एक ओळ होती," ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

त्यानंतर काकांचा जीव टांगणीला लागला. आजारपणाचा तपशील झाकायची काही तरतूद सापडते का म्हणून त्यांनी नियम पुन्हा पुन्हा वाचले. नव्हती. का नव्हती हेही तिथेच लिहिलं होतं, खाली हरकत घेणाऱ्याचं नाव होतं. त्यात आणखी एक फास त्यांनी स्वतःच्या हाताने घालून ठेवला होता. येत्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांचा वर्ग होता: सरकारी खर्च साइटवर कसा शोधायचा. फलकावर सूचना लागली होती, सेक्रेटरी विद्याधर यांनी प्रोजेक्टरही आणवला होता. "श्यामराव, झकास होणार बघा," विद्याधर जिन्यात भेटले की म्हणायचे. "पहिल्यांदा ओळखीच्या ऑफिसचं बघू या. लोकांना इंटरेस्ट येतो. क्षमावहिनींचंच घेऊ ना!"

काकांना ताप आल्याचं नाटक करावंसं वाटलं. थर्मामीटर काखेत धरून पाहिला, ताप नव्हता. खोटं बोलायची तयारी होती, पण थर्मामीटरपुढे त्यांचं धाडस झालं नाही. असा हा माणूस.

रविवारी सकाळी त्यांनी साइट उघडली. ओळ आली होती. ओजसच्या नावाची अक्षरं त्यांना इतरांपेक्षा ठळक दिसत होती. तशी ती नव्हती.

हॉल भरला होता. काकांनी फुटपाथचं बिल दाखवलं, नाल्याचं दाखवलं, उद्यानातल्या बाकांचं दाखवलं. एरवी एका बाकावर ते अर्धा तास बोलले असते. आज डोळे सारखे विद्याधरांकडे जात होते. नाल्यातला गाळ कुठे गेला यावर जुंपली तेव्हा त्यांना बरं वाटलं. वेळ जात होता.

"आता वहिनींचं ऑफिस!" विद्याधर मागून ओरडले.

तेवढ्यात लॅपटॉपने बॅटरी संपत आल्याचा इशारा दिला. काकांना देवच पावला. "अरेरे," ते म्हणाले, आणि त्यांना त्या अरेरेत आनंद लपवता येईना. "चार्जर घरी राहिला. आज इतकंच. पुढचं नंतर कधीतरी बघू." पडदा काळा झाला. लोक खुर्च्या सरकवू लागले. क्षमा शेवटच्या रांगेत बसली होती. ती उठली नाही.

हॉलच्या दारात ओजस उभा होता. अंगात घरातला टी-शर्ट, पायात बाबांच्या सपाता, हातात चार्जर. इतक्या माणसांत यायची त्याला सवय राहिली नव्हती. तो चौकट धरून उभा होता आणि त्याला घाम फुटला होता.

"बाबा, चार्जर विसरलास."

खुर्च्यांचा आवाज थांबला. उत्तराकाकूच पहिल्यांदा बोलल्या, "अगं बाई, ओजस! बेंगळुरूहून कधी आलास रे?"

ओजसने त्यांच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. त्याने सकाळीच मोबाइलवर ती ओळ वाचली होती, हे काकांना त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर काकांनी सहन केलं असतं.

"काकू, बाबाला विचारा ना," तो हळूच म्हणाला. "तो सगळं उघड सांगतो."

काकांनी टेबलाची कड धरली. आत्तासुद्धा एक वाट होती, आजच आला, सुट्टी आहे, सकाळच्या विमानाने. वाक्य तयार होतं, त्यात कँटीनसुद्धा बसत होतं. समोर पोरगा चार्जरची वायर बोटाभोवती गुंडाळत होता आणि सोडत होता. लहानपणी शाळेच्या गेटवर दप्तराचा पट्टा तो असाच गुंडाळायचा, बाबा आत सोडून जाणार की थोडा वेळ थांबणार हे कळेपर्यंत.

"हा बेंगळुरूला गेलाच नव्हता," काका म्हणाले. आवाज चिरकला म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. "मी खोटं सांगितलं. हा आजारी होता. नैराश्य. ठाण्याला हॉस्पिटलात होता, आणि दिवाळीपासून इथेच आहे, आपल्या घरात. मी लपवून ठेवलं होतं. बिल साइटवर आहे. विद्याधर, तुम्हाला क्षमाचं ऑफिस बघायचं होतं ना, बघा."

विद्याधरांनी काही बघितलं नाही. त्यांनी हातातली खुर्ची उलगडून पुढच्या रांगेत ठेवली आणि ओजसला म्हणाले, "बस रे." उत्तराकाकू मात्र भडकल्या. "दिवाळीपासून? आणि मी समोर राहते! डबाभर चकल्या पडून होत्या माझ्याकडे. श्यामसुंदर, तुला काही अक्कल?" एवढ्या लोकांसमोर काकांची अक्कल निघाली, आणि ते त्यांना गोड लागलं.

ओजस खुर्चीपर्यंत आला, पण बसायच्या आधी टेबलाशी वाकला. काकांनी त्याच्याकडून चार्जर घेतला, पण पिन काही लॅपटॉपला लागेना. त्याने ती त्यांच्या हातातून घेऊन लावली. पडदा हळूहळू उजळला.

"आणि बाबा," तो फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाला, "गॅलरीतला पडदा काढून आलोय मी. परत लावू नकोस."