एसीचं पाणी

आमच्या जमिनीवर बिल्डरचा टॉवर आला, पैसे हातात आले, तेव्हा भावकीतल्या सगळ्यांनी पांढऱ्या गाड्या घेतल्या. मी काळी घेतली, मुद्दाम. शोरूममधला माणूससुद्धा म्हणालेला, "साहेब, कळव्याला राहता ना? पाणी कसं आहे तिकडे?" मला रागच आला. गाडी घेताना पाण्याची चौकशी कोण करतं? घरी बायकोनेही तेच विचारलं, तेव्हा हौसेला मोल नसतं असं तिला सुनावलं आणि विषय संपवला.

पंधरा दिवसांत डोळे उघडले. सोसायटीत पालिकेचं पाणी सकाळी तासभर यायचं, ते प्यायला आणि स्वयंपाकाला. बाकी सगळं बोअरवर. खाडी जवळ, त्यामुळे त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि नवे नळ वर्षभरात पांढरे पडतात. माझं गोडाऊन शीळफाट्याला. रोजची धूळ, म्हणून रोजचं धुणं. गाडी धुऊन चहाला वर गेलो की खाली येईपर्यंत बॉनेटभर पांढरे ठिपके. पांढऱ्या गाडीवर असले ठिपके कुणाला दिसत नाहीत. काळीवर ते लांबूनही दिसतात. चुलतभाऊ दर रविवारी विचारायचा, "काय रे, गाडीला कांजिण्या आल्या का?" तो हसायचा आणि माझा दिवस खराब व्हायचा.

बाबा तेव्हा चांगले हिंडतेफिरते होते. तरुणपणी त्यांनी मिठागरात काम केलेलं. एके दिवशी ते खाली आले, बॉनेटवर बोट फिरवलं आणि ते बोट सरळ जिभेला लावलं. मी इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना. बाबा म्हणाले, "पानी उनान सुकला का मीठ ऱ्हतं. आमी जलमभर त्योच धंदा केला. तू फुकट करतंस."

मग त्यांनीच मला धुवायला शिकवलं. सगळ्याचं सार एकच, पाणी अंगावर सुकू द्यायचं नाही. ऊन यायच्या आत, इमारतीच्या सावलीत, तुकड्या तुकड्याने धुवायचं. आधी टप धुवायचं आणि लगेच पुसायचं, मग बॉनेट, मग दारं. आरशाच्या खाचेत आणि हँडलच्या मागे पाणी दडून बसतं आणि नंतर ओघळतं, म्हणून गाडी कंपाउंडमध्ये एक फेरी फिरवून पुन्हा पुसायची. ताजा डाग अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी लावलं की निघतो. जुना डाग उन्हात भाजला की रंगात शिरतो, मग पॉलिशवाल्याकडे गेल्याशिवाय सुटका नाही. या शेवटच्या दोन गोष्टी मी मोबाइलवर शिकलो. एवढं करूनही एक पुसट पांढरी झाक राहायचीच. "शेवटचा हात गोऱ्या पान्याचा पायजे," बाबा म्हणायचे. गोडं पाणी आणायचं कुठून? प्यायच्या पाण्यातला एक तांब्या गाडीला द्यायला बायको तयार नव्हती, आणि तिचं बरोबर होतं.

पुढच्या मार्चमध्ये बाबांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. डॉक्टर म्हणाले, पडून असलेल्या माणसाला घाम आला की पाठीला जखमा होतात, उन्हाळाभर खोली गार ठेवा. म्हणून त्यांच्या खोलीत एसी बसवला. त्याची पाण्याची नळी खोलीला लागून असलेल्या बाल्कनीत सोडली. खालच्या मजल्यावरची बाई दुसऱ्याच दिवशी भांडायला आली, वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी पडतं म्हणून. मी चिडून नळीखाली वीस लिटरचा कॅन ठेवला.

एसीचं पाणी म्हणजे हवेतली ओल. त्यात क्षार नाही की मीठ नाही. एका सकाळी तो कॅन मी गाडीवर शेवटचा हात म्हणून ओतला. एक कोपरा मुद्दाम न पुसता ठेवला. तो सुकला आणि तिथे काहीच उमटलं नाही. मी धावत वर जाऊन बाबांना सांगितलं. त्यांचं अर्धं तोंड हसलं.

त्यानंतर मी त्यांच्या खोलीत दिवसातून दोनदा जायला लागलो. सकाळी भरलेला कॅन आणायला आणि संध्याकाळी किती भरला ते बघायला. जाता जाता त्यांच्या डोक्यावरून हात फिरवायचो. बाकी सगळं, म्हणजे भरवणं, कूस बदलणं, पुसणं, बायको करायची.

उन्हाळा आणि पावसाळा कॅन काठोकाठ भरायचा. गाडीच्या दारात केस विंचरता येतील अशी चमक आली. चुलतभाऊ गप्प झाला. नंतर तर त्याने हद्दच केली. डिसेंबरात त्याच्या मुलीचं लग्न होतं, तिची पाठवणी माझ्या काळ्या गाडीतून करायची असं म्हणाला. ज्याने वर्षभर टिंगल केली तोच दारात आलेला. माझी छाती फुगली.

पण डिसेंबरात हवा कोरडी. कॅन पावही भरेना. बाबा म्हणाले, "माना थंडी वाजतं रं. बंद कर."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना बाबा, पाठीला जखमा होतील."

हे एप्रिलमध्ये खरं होतं. डिसेंबरात ते खोटं होतं आणि मला माहीत होतं. मी त्यांच्यावर आणखी एक गोधडी टाकली आणि रिमोटवर सव्वीसचे वीस केले. बायको म्हणाली, "अहो, म्हाताऱ्या माणसाला कशाला गारठवताय?" मी तिला म्हटलं, तू डॉक्टर आहेस का? दोन-तीन दिवस बाबा रोज सांगत राहिले. मग त्यांनी सांगणं बंद केलं. मी म्हटलं, झाली सवय.

लग्न झकास झालं. गाडी फुलांनी सजवलेली, पण मी बॉनेट मोकळं ठेवायला लावलं होतं. लोक त्यात वाकून बघत होते आणि मी शेजारी उभा होतो.

तिसऱ्या दिवशी बाबांना ताप भरला. छातीत घरघर. ठाण्याच्या हॉस्पिटलात पाच दिवस होते, सहाव्या सकाळी गेले. न्यूमोनिया. डॉक्टर म्हणाले, पडून असलेल्या पेशंटला होतो हा, कुणाचा दोष नसतो. एसीबद्दल मी विचारलं नाही. विचारायला तोंड होतं, समोर डॉक्टर होते, वेळही होता. आजपर्यंत कुणालाच विचारलेलं नाही, कारण ते काय सांगतील याची मला भीती वाटते.

दहाव्याला भावकी जमली. सगळं आटोपून बसलो असताना थोरले काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बापसाला शेवटपरयंत एसीन ठेवला. पोर असावा तर असा." माना डोलल्या. कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी मान खाली घातली आणि ते सगळं मुकाट्याने घेतलं. बायको मात्र पदर खोचत तिथून उठून गेली. मला वाटलं, चारचौघांत माझा अपमान झाला.

घरी आलो तेव्हा ती बाबांच्या खोलीत गादीवरची चादर काढत होती. मी दारातूनच आवाज चढवला, "मधेच उठून जायला काय झालेलं?"

तिने चादर खाली ठेवली. "तुम्ही कामावर गेलात की मी एसी बंद करायचे," ती म्हणाली. "रोज. अर्धा तासही राहू द्यायचे नाहीत बाबा. डाव्या हाताने गादी बडवायचे, बाल्कनीकडे दाखवायचे. मी नाही म्हटलं की रडायचे. शेवटी परत लावायचे मी, आणि त्यांना स्वेटर घालून बसायचे."

"का पण?"

"का काय? म्हणायचे, त्याचा कॅन भराचा हाय, लगीन व्हवं दे, मंग बंद कर."

ती उशीचा अभ्रा काढायला लागली.

"तुम्हाला सांगते म्हटलं तर माझा हात धरला त्यांनी," ती म्हणाली. "म्हणाले, त्याला सांगू नको, त्याला वाईट वाटंल."