लाल तोंडाची अक्का

केशवापुरात कातडीच्या डॉक्टरांकडे मी हाताची खाज दाखवायला गेले होते. शेजारी एक अक्का तोंडाला पदर लावून बसली होती. अनोळखी माणसाशी मला बोलवत नाही. तिनेच पदर बाजूला केला. तोंड टोमॅटोसारखं लाल!

"कोपराला खाज होती. या मलमाने दोन दिवसांत गेली. म्हटलं, एवढं गुणाचं आहे तर तोंडाला का नको? रोज स्नोसारखं लावलं. आधी गोरी झाले हो! आता बघा. आणि रविवारी लेकीला बघायला पाहुणे येणार."

बोलताना ती हातातल्या मलमाच्या ट्यूबला लेकरासारखं थोपटत होती.

डॉक्टरांना भेटून ती बाहेर आली, तेव्हा ओशाळून तोंड आणखीच लाल दिसत होतं.

"तोंडाला मलम बंद म्हणतात. कोपराला बोटाच्या पेराएवढंच, तेही ते सांगतील तितकेच दिवस. थांबवल्यावर लाली आधी वाढेल, मग हळूहळू जाईल."

"मग रविवारी?" मला राहवलं नाही.

तिने ट्यूबचं टोपण घट्ट लावलं.

"मिरचीभजी करते, चांगली तिखट. पाहुण्यांची तोंडं लाल झाल्यावर माझ्याकडे कोण बघतंय!"