वानगीचा ठोकळा

रुपराव मिस्त्री कुहीकडचा, धानाच्या मुलखातला. नागपुरात येऊन अर्धी हयात गिट्टी-रेतीत गेली, पण वळण शेतकऱ्याचंच राहिलं. माणूस लाखात एक. हट्टी म्हणाल तर त्यातही लाखात एक! मालावर नुसता हात फिरवून पक्का की कच्चा ते सांगायचा. पुष्कळदा चुकायचाही, पण कबूल करेल तर तो रुपराव कसला.

बाहत्तर-त्र्याहत्तरच्या सुमाराला कळमन्याकडे एका शाळेचं काम निघालं. तिथले नवे इंजिनिअर मधुसूदन साहेब. त्यांनी लोखंडी साचे आणले आणि बजावलं, की यापुढे नुसत्या नजरेवर काम चालणार नाही. स्लॅबमध्ये पडणारा माल साच्यात भरायचा, ठोकळे पाण्यात मुरवायचे, मग कॉलेजातल्या यंत्रात दाबून फोडायचे. त्यावरून स्लॅबची ताकद कळणार.

रुपरावने मान डोलावली आणि केलं घरच्या रीतीने. कुहीला धान बाजारात न्यायचं तर व्यापाऱ्याला दाखवायची वानगी पाखडून, खडे वेचून, देखणी काढतात. त्यात कुणाला लबाडी वाटत नाही. पाहुण्यापुढे फुटका कप ठेवतो का आपण? तसा रुपरावने ठोकळ्यांसाठी वेगळा माल कालवला. रेती चाळलेली, सिमेंट सढळ हाताने. स्लॅबच्या मालात मात्र, पसरायला सोपा जावा म्हणून, नेहमीसारखं पाणी ओतलं.

ठोकळे यंत्राला दाद देईनात. साहेब असे खूष झाले की म्हणाले, उद्याच स्लॅबखाली टेकूला लावलेल्या बल्ल्या काढा, पोरांची शाळा लवकर सुरू होऊ द्या.

रुपराव समजला, जास्त पाण्याचा तो स्लॅब इतक्या लवकर टेकू काढला तर खाली येईल. बायको पंचफुला त्याच कामावर घमेली वाहायची. जेवताना त्याने तिला सगळं सांगितलं. बोललो तर मिस्त्रीपण जाते, चार माणसांत तोंड दाखवायची सोय राहत नाही, असं तो पुटपुटत राहिला. तिने भात वाढला आणि म्हणाली, "बल्ल्या उचलाले आम्हीच जाऊ ना जी खाली. मंग तिथंच पोरं बसतीन."

सकाळी सगळ्या मजुरांदेखत तो साहेबांपुढे उभा राहिला. "साहेब, ठोकळा स्लॅबचा नाही. म्या वानगी भरली."

साहेब आधी समजलेच नाहीत. समजले तेव्हा संतापाने लाल झाले, वाट्टेल ते बोलले. स्लॅबचा तुकडा काढून तपासला, तर कच्चा. पाडायचं ठरलं. रुपराव थापी-ओळंबा गोळा करून निघाला, तर साहेबांनी हटकलं, "चाललात कुठे? तुम्हीच फोडा, तुम्हीच परत घाला."

त्याने घण घातला आणि डोळे पुसत स्लॅब फोडला, बिचाऱ्याने.

दुसऱ्या वेळी साचा भरायला त्याने पंचफुलाला हाक मारली. डोक्यावर जे घमेलं आहे तेच ओत म्हणाला. माल काही देखणा नव्हता. तो नीट करायला रुपरावचा हात पुढे गेला, मग त्याने तो मागे घेतला. ठोकळा फुटला, पण स्लॅबला पुरेल इतका दाब सोसून फुटला.

बल्ल्या काढायच्या दिवशी रुपराव सगळ्यांना बाहेर थांबवून स्वतः आत निघाला. पंचफुलालाही त्याने दटावलं. ती ऐकते थोडीच! पदर खोचून आधीच स्लॅबखाली जाऊन उभी राहिली होती.