कोंबडी न घेणारा देव

माझ्या सासूबाई सुंदरबाई यांच्यावर आजवर जितके उपचार झाले, तितके एखाद्या राजावरही झाले नसतील. त्या उपचारांपायी जितक्या कोंबड्या गेल्या, तितक्या आमच्या ब्राह्मणपुरी गावात एखाद्या लग्नातही जात नाहीत. दुखणं एकच. छातीवर काहीतरी जड बसायचं आणि झोप लागायची नाही. शहाद्याच्या डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली, रक्त तपासलं, ब्लडप्रेशरची एक गोळी दिली आणि सांगितलं की हृदय ठणठणीत आहे. दुसऱ्या कोणाला हे ऐकून बरं वाटलं असतं, पण सासूबाईंना अपमान झाल्यासारखं वाटलं. डॉक्टरला सापडत नाही म्हणजे कोणीतरी केलेलं आहे, हे त्यांचं गणित लहानपणापासून पक्कं होतं.

मी रुपा, त्यांची सून. माझं माहेर नवापूरकडचं, आणि आजोबांपासून आमच्या घरात चर्च. मगनशी माझं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी एकच सांगितलं होतं, तुझा देव तुझ्यापाशी, माझे देव माझ्यापाशी. मला ते पटलं. देवांचा मला कधी त्रासही झाला नाही, त्रास व्हायचा तो भगताचा. तो आला की चहा करा, मोहाची बाटली आणा आणि अंड्यावर बसलेली कोंबडी उठवा.

भिकन भगत तसा माणूस वाईट नव्हता. त्याचे स्वतःचे गुडघे दुखायचे आणि त्यासाठी तो सरकारी दवाखान्यात रांग लावायचा. मी त्याला तिथे दोनदा पाहिलं, दोन्ही वेळेला त्याने मला पाहिलं नाही असं दाखवलं. आमच्याकडे मात्र तो सुपात ज्वारीचे दाणे टाकायचा, जोड्या लावायचा, डोळे मिटून घुमायचा. एकदा असाच घुमून त्याने सांगितलं की बाईला नजर लागली आहे आणि ती समोरच्या दाराकडून आली आहे. मग कोंबडी काखेत मारून तो निघून गेला.

समोरचं दार नानीबाईंचं. नानीबाई म्हणजे सासूबाईंची थोरली जाऊ. त्यांचा नवरा गेला, मुलगा सुरतेला कामाला, आणि घरात त्या एकट्या. त्या दिवसांत दोघींचं नानीबाईंच्या मोरीच्या पाण्यावरून वाजलेलं होतं, कारण ते वाहत आमच्या ओट्याखाली यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर, सगळ्या गल्लीच्या बायकांसमोर, सासूबाईंनी नानीबाईंना डाकीण म्हटलं.

आमच्या भागात हा शब्द हलका नाही. या एका शब्दापायी माणसं गाव सोडून गेलेली आहेत. नानीबाईंवर कोणी हात टाकला नाही, देवाची कृपा. पण लोकांनी त्यांच्या हातचं पाणी पिणं सोडलं, हळदीला बोलावणं सोडलं. त्या गल्लीतून चालल्या की बाया लेकरांची तोंडं भिंतीकडे फिरवायच्या. माझी मयूरी अशा दिवसांत जन्मली. समोरचं दार करकरलं की सासूबाई तिला पदराखाली घ्यायच्या आणि काजळाचं बोट लावायच्या. दार दिवसातून पाच-पंचवीस वेळा करकरायचं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत पोर तव्यासारखी काळी व्हायची.

मला याची चीड यायची. एकदा मी मयूरीला कडेवर घेऊन सरळ समोर गेले, तर नानीबाईंनीच दार लावून घेतलं. आतून म्हणाल्या, पोरीला उद्या साधी सर्दी झाली तरी ती माझ्या नावावर लागेल. इकडे सासूबाई रुसून जेवल्या नाहीत. दोन म्हाताऱ्या, एक दाराआड उपाशी आणि एक दाराबाहेर उपाशी, आणि मी मधे पोर घेऊन उभी.

महिने गेले तरी सासूबाईंना काही झोप आली नाही. गळ्यात इतके गंडेदोरे झाले होते की आरशात पाहिलं तर गळा दिसत नव्हता. शेवटी एका रविवारी सकाळी त्या नवं लुगडं नेसून ओट्यावर येऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "माले तुन्हा देवकडे लई चाल."

मला आनंद झाला. रिक्षात बसल्यावर त्यांच्या पिशवीतून एक डोकं बाहेर आलं आणि आनंद निम्मा झाला. काळी कोंबडी होती, पाय बांधलेली.

आमची प्रार्थना शहाद्याच्या वाटेवर एका पत्र्याच्या शेडमध्ये होते. पास्टर जालमसिंग धडगावकडचे, डोंगरातले. उंच, सावकाश बोलणारे, आणि चिडले तर अजून सावकाश बोलणारे. त्या दिवशी गाणं झालं, प्रभूने कोणासाठी काय केलं याच्या साक्षी झाल्या, पास्टर उपदेशाला उभे राहिले आणि कोंबडीला कंठ फुटला. ते थांबले की ती थांबायची, ते बोलले की ती बोलायची. पोरं तोंडात रुमाल कोंबून हसत होती. सासूबाई मात्र समाधानाने बसल्या होत्या, कारण भगताकडेही कोंबडी ओरडली की काम होणार असं समजतात.

प्रार्थना संपल्यावर त्यांनी कोंबडी पास्टरांच्या पायाशी ठेवली आणि विचारलं, कोणी केलं ते सांगा. पास्टरांनी आधी विचारलं, डॉक्टरची गोळी घेता का. सासूबाईंनी मान हलवली, ती हो आणि नाहीच्या मधली होती. पास्टर म्हणाले, गोळी रोज घ्यायची, आपण प्रार्थनाही करू, आणि कोंबडी घरी न्यायची. कोणी केलं हे मी सांगणार नाही, कारण कोणी काही केलेलं नाही.

परतताना सासूबाईंचा चेहरा उतरलेला. जो काही मागत नाही तो काय देणार, हे त्यांचं म्हणणं. मग त्यांना वाटलं, पास्टरांना बकरा हवा असेल आणि लोकांसमोर बोलता आलं नसेल. पुढच्या रविवारी त्यांनी हळूच तसं विचारलं. पास्टरांनी समजावलं की प्रभूने आपल्या सगळ्यांसाठी एकदाच स्वतःला दिलं, आता त्याला कोणाचं रक्त नको. सासूबाईंनी बराच वेळ विचार केला आणि विचारलं की मग या कोंबडीचं काय करू. पास्टर म्हणाले, अंडी खा.

एवढं होऊनही त्या जात राहिल्या. त्याला कारण होतं, ते मला नंतर कळलं. तिथे बायका त्यांचा हात हातात घ्यायच्या आणि काल झोप लागली का, असं विचारायच्या. त्या नावानिशी त्यांच्यासाठी देवाशी बोलायच्या. भगताने त्यांच्या दुखण्याची बातमी दहा घरांत नेली होती, पण झोप लागली का हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. माझ्या सासूबाई जाड कातडीच्या समजल्या जातात. त्या पहिल्यांदा तिथे रडल्या तेव्हा मलाच कुठे पाहावं कळेना.

एक दिवस त्यांनी आपणहून सगळे गंडेदोरे कातरले आणि चुलीत घातले. त्यातला एक चांगला काळा दोरा ठेवला आणि त्यात लाकडी क्रूस ओवून गळ्यात घातला. प्रार्थनेचं तेल मिळालं, ते चौकटीला, म्हशीच्या शिंगांना आणि टीव्हीच्या रिमोटला लावलं. वाचता येत नसताना बायबल आणलं आणि उशीखाली ठेवलं. उशी उंच झाली, मान आखडली, मग मानेलाही तेच तेल. पास्टरांना मी सगळं सांगितलं. ते हसले आणि सासूबाईंना म्हणाले, तेल हे औषध नाही आणि पुस्तक हा पहारेकरी नाही. बापाशी बोलावं तसं प्रभूशी बोला.

सासूबाई म्हणाल्या, बोलते ना, रोज सांगते की समोरचीचा काटा काढ.

पास्टरांचं हसू मावळलं. ते म्हणाले, असं प्रभूकडे मागायचं नसतं, तुम्ही नानीबाईंसाठी प्रार्थना करा. सासूबाईंना हे अजिबात पटलं नाही. आम्ही प्रभूची प्रार्थना सगळे मिळून मोठ्याने म्हणतो, त्यात दुसऱ्यांना क्षमा केल्याची ओळ येते. त्या ओळीवर सासूबाईंना नेमका खोकला यायचा. पुढची ओळ आली की घसा साफ. मी शेजारीच बसते, मला सगळं कळत होतं.

पावसाळा सरता सरता त्यांचा खोकला हरला. एका सकाळी त्या म्हणाल्या, आज करूनच टाकते. डोक्यावर पदर घेतला, गल्ली ओलांडली आणि समोरचं दार वाजवलं. ओटाभर बायका पाहायला उभ्या. नानीबाईंनी फळी जराशी उघडली. सासूबाई मोठ्या मनाने म्हणाल्या, "नानीबाई, मी तुले माफ करं."

नानीबाईंनी त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाल्या, "मी काय करेल शे, की तू माले माफ करी ऱ्हायनी?"

आणि दार लागलं.

सासूबाई परत आल्या त्या धुसफुसत. भांडी आपटली, मला बोलल्या, म्हशीला बोलल्या. माफी दिली तर घेत नाही म्हणजे काय, काही रीतभात आहे की नाही. संध्याकाळी छाती पुन्हा जड झाली, इतकी की मगनने गाडी काढून त्यांना शहाद्याला नेलं. डॉक्टर पुन्हा तेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी पास्टर घरी आले. सासूबाईंनी तक्रारीचा पाढा वाचला. प्रार्थना केली, तेल लावलं, दोरे जाळले, वैऱ्याला माफही केलं, आता अजून काय राहिलं?

पास्टरांनी चहाची बशी खाली ठेवली आणि एकच विचारलं. दाणे पाहिले तेव्हा भगताने नानीबाईंचं नाव घेतलं होतं का?

सासूबाईंना खोकला आला. तो खरा नव्हता आणि या वेळी त्यांना तो लांबवताही आला नाही. शेवटी खाली मान घालून त्यांनी सांगितलं की भगत फक्त समोरचं दार म्हणाला होता. आणि समोर तर तीन दारं आहेत. नाव त्यांनी लावलं, मोरीच्या पाण्याच्या रागात. आणि लावल्यावर, इतके जण खरं मानताहेत म्हणून, हळूहळू त्यांनाही ते खरं वाटायला लागलं.

पास्टर त्यांना रागावले नाहीत. मी रागावले असते, माझ्या जिभेवर आलंच होतं. ते फक्त म्हणाले, प्रभू तुम्हाला क्षमा करील, तो थांबलाच आहे. पण माफी द्यायला गेलात ती मागायला जायला हवं होतं, आणि जिथे बोललात तिथेच जाऊन परत बोला.

सासूबाईंना वाटलेली भीती मी पाहिली. नळावर खोटं पडणं म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नाही. बायका उद्यापासून त्यांना काय काय म्हणतील हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक, आजवर इतरांना त्याच म्हणत आल्या होत्या. दोन दिवस त्यांनी पाणी आणायला मला पाठवलं. तिसऱ्या दिवशी नळाची वेळ झाली तशी त्यांनी हंडा घेतला, मयूरीला झोळीतून उचलून कडेवर घेतलं आणि निघाल्या. मी मागोमाग गेले. पोरीच्या गालावर काजळ नव्हतं, पदरही घातलेला नव्हता.

नानीबाई नेहमीसारख्या सगळ्यांच्या मागे, जरा लांब उभ्या होत्या. त्यांचा हंडा सगळ्यांचे भरल्यावर लागायचा. सासूबाई नळापाशी गेल्या आणि बायकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"आयका व बायाहो. भगतनी नाव लिधंच नव्हतं. नाव मी लिधं. नानीबाईमा काहीच नही, ते मन्हंच खोटं व्हतं."

हंडा भरून पाणी वाहून चाललं होतं, तरी नळ कोणी बंद केला नाही. सासूबाई त्या सगळ्या बायकांमधून चालत मागे गेल्या. नानीबाई एक पाऊल मागे सरकल्या, हात पदरात लपवले. सासूबाईंनी मयूरीला त्यांच्यापुढे धरलं, आणि नानीबाईंना ते हात बाहेर काढावेच लागले. लेकरू कसं धरायचं हे त्या विसरल्या होत्या, पोर जरा खाली घसरली, मग त्यांनी तिला छातीशी घट्ट धरलं. मयूरीने त्यांच्या नाकातली फुली पकडली.

सासूबाईंना माफी मागायची होती, पण निघालं दुसरंच. त्या म्हणाल्या, "इनं नाव मयूरी शे."

नानीबाईंनी मान वर केली नाही.

"माले माहीत शे," त्या म्हणाल्या. "दाराआडथीन रोज आयकस मी."