खिडकी नसलेलं सरकार

सिराज परकार मूळचे दाभोळचे, बहरीनमध्ये मंदूब. म्हणजे कंपनीतल्या माणसांचे व्हिसाचे कागद घेऊन सरकारी खिडक्यांवर उभा राहणारा माणूस. कागदापेक्षा त्यांचा भरवसा तोंडावर. खिडकीतला साहेब घरून भांडून आलाय की पोटभर जेवून, हे ते लांबून हेरत. भांडून आला असेल तर मागच्याला पुढं घालून आपण चहाला जात. परत येऊन सलाम, तब्येतपाणी, पोरांची चौकशी, आणि मग अडलेला कागद हळूच पुढं. शिक्का पडेच.

मग खिडक्या गेल्या. सगळं मोबाइलात आलं. मुलगा ओवैस कॉम्प्युटरवाला, तो खूश.

"नो लाईन, नो वास्ता-वशिला, अब्बा. फ्युचरमध्ये होल गव्हर्नमेंट असंच. मिनिस्टरपण नको."

"आन चुकला तं रडायचा कोनापुढं?"

"इट डझन्ट मेक मिस्टेक्स."

"तुजी आईपन सोताबद्दल हेच सांगते."

त्याच वर्षी त्या आईला, हुस्नाला, लकवा झाला. डावा गाल लोंबला, जीभ मात्र शाबूत. तिचा व्हिसा वाढवायला मोबाइलसमोर चेहरा धरायचा होता. जुन्या फोटोशी तो जुळेना.

"रुसलाय मेला," हुस्ना म्हणाली. "माजा वाकडा तोंड बघून घाबारलान."

सिराजनी जन्मभर केलं तेच केलं, अडलेल्याला हात दिला. दोन बोटांनी तिचा गाल उचलून होता तिथं नेला. क्षणभर जुनी हुस्ना दिसली. तेवढ्यात पडदा लाल झाला. दुसऱ्याचा हात, चेहऱ्यात फेरफार, अर्ज कायमचा बंद. देश सोडावा.

ओवैसने मेल टाकले. उत्तरं लगेच आली, सगळी एकसारखी, अदबशीर. सिराज जुन्या ऑफिसात गेले. खिडक्यांच्या जागी गुळगुळीत भिंत, भिंतीवर पडद्यातली बाई. त्यांनी सवयीनं सलाम केला, तब्येत विचारली, दवाखान्याचे कागद दाखवले.

"अर्ज बंद आहे," ती हसून म्हणाली. हिला पोरंबाळं असती तर, त्यांना वाटलं.

दारावरचा शिपाई कळवळला. "अंदर आदमी मफी, चाचा. कोई नहीं. खलास."

उद्या निवाडा करणारा असाच, शिक्षा देणारा असाच, आणि हळूहळू सगळ्या मुलखांत हेच. जुलमी हाकिमाचे निदान पाय धरता येत. याला पायच नव्हते.

विमानतळावर ओवैस आईला चाकाच्या खुर्चीवरून नेत होता. सिराजना रजा मिळाली नव्हती. बाहेर जायच्या फाटकातही कॅमेऱ्याला चेहरा दाखवायचा होता. काचेपलीकडून बघताना सिराजना एकच आशा उरली होती. इथंही ती अडेल, गोंधळ होईल, आणि कुणीतरी हाडामासाचा माणूस धावत येईल. त्याला ते सगळं सांगतील.

हुस्नानं वाकडं तोंड वर केलं. फाटक लगेच उघडलं.