मास्तरांचा अंगठा

मास्तरांनी पेन टेबलावर आपटलं नाही, एवढंच. बाकी राग अगदी नाकाच्या शेंड्यावर. महिन्याभरात परत आलेलं हे तिसरं पेन, आणि तक्रार तीच: खरखरतं.

खरखरतं? मास्तरांचं पेन? अहो, त्या पेनांच्या कारखान्यात दांडी कातणारे, तिच्यावर लाखेचे नऊ-नऊ हात देणारे, सगळेच वस्ताद. पण सोन्याची निब शेवटी यायची ती मास्तरांच्या खिडकीपाशी. बारीक दगडावर दोन हलके हात, मग कागदावर एक ओळ, डोळे मिटून, कान लावून. पुन्हा दगड. एकेका निबेला अख्खी सकाळ. मग त्याच पेनानं चिठ्ठी लिहायची, 'लिहून पाहिलं. चांगलं चालतं,' आणि ती डबीत ठेवायची. छत्तीस वर्षांत एक चिठ्ठी खोटी ठरली नव्हती. असा माणूस दिवा घेऊन शोधलात तरी मिळायचा नाही.

"लोण्यासारखी चालतात तिन्ही," ते मालकीणबाईंना म्हणाले. "गिऱ्हाइकांना पेन धरता येत नाही."

"तिघांनाही?" बाई म्हणाल्या. "मास्तर, चौथं परत आलं, तर ही खिडकी मला दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल."

मास्तर तिन्ही पेनं घेऊन तणतणत घरी आले. बायको सामानाची यादी करत होती. तिच्या हातात त्यांनी एक पेन कोंबलं. तिनं 'साबण' लिहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"अहो, खरखरतंय की!"

"तुलाही धरता येत नाही!"

"मला सगळं धरता येतं. तुम्ही लिहा बघू." ती त्यांच्या हाताकडे बघत राहिली. "अंगठा वाकतच नाहीये तुमचा. पेन केवढं कलतं धरताय!"

मास्तरांनी अंगठा वाकवून पाहिला. हल्ली शर्टाची बटणंही तीच लावून द्यायची. अंगठा वर्षभर आखडत गेला, पेन कलत गेलं, आणि ते बिचारे प्रत्येक निब त्या कलत्या हाताला गोड लागेपर्यंत घासत राहिले. त्यांच्या एकट्याच्या हाताला!

सकाळी त्यांनी मालकीणबाईंना सगळं सांगून टाकलं. "चूक माझीच. आठ दिवस द्या. घासीन मी, लिहील ही."

बायको खिडकीत बसली. मास्तर डोळे मिटून ऐकायचे.

"आता?"

"अंहं."

"आता तरी?"

"तुमचं मन राखायला खोटं बोलणार नाही हं मी."

सहाव्या दिवशी ती थांबलीच नाही. पानभर बहिणीच्या तक्रारी लिहीत सुटली. बाकीची दोन पेनंही तशीच धावली. मालकीणबाईंनी तिन्ही चालवून पाहिली आणि म्हणाल्या, "दुसरी खुर्ची राहू दे इथेच."

"चिठ्ठ्या मात्र तुम्ही लिहायच्या," बायको मास्तरांना म्हणाली. "माफीसकट."

मास्तरांनी पेन उचललं. ताठ अंगठ्यानं लिहिलं, 'चूक माझी होती. आता बायकोनं लिहून पाहिलं. चांगलं चालतं.' निब प्रत्येक अक्षराला कागद ओरबाडत होती. दुसरीही. तिसरीही. मास्तरांचे डोळे भरून आले.

"काय झालं?" बायकोनं घाबरून विचारलं.

"खरखरतंय गं," ते म्हणाले. "म्हणजे बरोबर झालंय."